साठच्या दशकातला तो ‘ढम’: बासला तारा कोणत्या लावू?

वैनगंगाकाठ | १७ ऑगस्ट, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. मी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. धानाची शेती आहे, आणि दिवाळीपासून एप्रिलपर्यंत आमच्या ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतो. मंडई (दिवाळीनंतरच्या गावजत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती), लग्नं, १४ एप्रिलचे कार्यक्रम, जिथं बोलावतील तिथं जातो.

यंदा आमच्या मुख्य गायकांनी (आम्ही त्यांना काका म्हणतो) कार्यक्रमाचा पहिला तास फक्त जुन्या गाण्यांचा ठेवायचं ठरवलं आहे. १९६० ते १९७० मधली हिंदी अन् मराठी. मागच्या आठवड्यात तालमीत ते मधेच थांबले अन् म्हणाले, “बाबू, तुझा बास टणटण वाजून राह्यला. त्या गाण्यात तो ढम म्हणून येते अन् निंघून जाते. मांगं काही उरत नाही.”

मला ते पटलं. घरी येऊन बाबांच्या रेडिओवर जुनी गाणी लागली तेव्हा मुद्दाम फक्त खालचा सूर ऐकत बसलो. सूर कळतो, पण तार वाजल्याचं कळत नाही. बोटांची खरखर नाही, तारेची झणझण नाही. जमिनीवर पाय आपटल्यासारखा आवाज येतो, अन् तरी तो सुरात असतो.

माझा बास सेकंडहँड आहे, फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बासच्या धर्तीचा, ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), चार तारा. सध्या निकेलच्या राउंडवाउंड आहेत, जाडी ४५ ते १०५ (हजारांश इंचात). रोवणीची मजुरी देऊन जे उरलं त्यात एकच सेट बसतो. म्हणजे चुकीचा घेतला तर पूर्ण सीझन त्याच्यावरच काढावा लागेल. नेटवर वाचलं तर फ्लॅट, हाफ राउंड, टेप, नायलॉन असे पन्नास प्रकार. कोणी अनुभवानं सांगेल का?

---

खर्जातला_सा | १७ ऑगस्ट, रात्री ११.३५

काकांचा कान खरा आहे. त्यांनी ‘टणटण’ म्हटलं ते राउंडवाउंडचं अगदी नेमकं वर्णन आहे.

आधी एक गोष्ट समजून घे. तू रेडिओवर जे ऐकतो आहेस ते पुष्कळदा बास गिटार नाहीच. त्या काळात मुंबईच्या स्टुडिओत डबल बेस वाजायचा, ते माणसाएवढं उभं वाद्य. वाजवणारे बरेचसे गोव्याचे. त्याची तार छेडली की सूर उमलतो अन् लवकर विझतो. बास गिटार नंतर नंतर वाढत गेली. म्हणजे तुला खरं तर दोन आवाजांच्या मधला आवाज पाहिजे: डबल बेसचं विझणं, अन् बास गिटारचा ठोका.

आनंदाची गोष्ट ही, की बास गिटार जन्मली तेव्हा तिचा आवाज हाच होता. फेंडरनं १९५१ मध्ये प्रिसिजन बास काढला तो डबल बेसवाल्यांच्या हाती देण्यासाठी. तिच्यावर तारा यायच्या त्या फ्लॅटवाउंड. साठच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात जगभर जवळजवळ सगळ्या बासवर त्याच होत्या. आज आपण ज्याला बासची ‘साधी’ तार समजतो ती राउंडवाउंड नंतर आली. इंग्लंडच्या रोटोसाउंडचे जेम्स हाऊ अन् ‘द हू’ बँडचे बासवादक जॉन एंटविसल यांनी मिळून पियानोसारखी खणखणीत वाजणारी तार बसवली, ती १९६६ च्या सुमारास ‘स्विंग बास ६६’ म्हणून बाजारात आली. एंटविसलला ती टणटणच पाहिजे होती. तुला नको आहे. म्हणून तुला त्या तारेच्या आधी जायचं आहे.

आता तारेची बनावट. बासच्या प्रत्येक तारेत मध्ये पोलादी गाभा असतो अन् त्याच्याभोवती दुसरी तार गुंडाळलेली असते. गुंडाळलेली तार गोल असेल तर राउंडवाउंड. नख फिरवलं तर करवतीसारखं खर्रर्र वाजतं. फ्लॅटवाउंडमध्ये सगळ्यात वरचा थर चपट्या पट्टीचा असतो, घट्ट शेजारी शेजारी बसवलेला. नख फिरव, काचेवरून फिरवल्यासारखं वाटेल. ही तार वळायला ताठ असते, अन् वरच्या सुरांची कंपनं तिच्यात लवकर मरतात. खालचा मूळ सूर उरतो. म्हणून ‘ढम’. बोट सरकवल्याचा आवाजही नाही, अन् फ्रेटही (बासच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) कमी झिजतात.

तू विचारलेल्या प्रश्नाचं माझं उत्तर एका शब्दात: फ्लॅट. कोणत्या फ्लॅट, ते उद्या लिहितो, आता लाइट गेली आहे अन् मोबाइलची बॅटरी उतरली.

---

पळसफूल | १८ ऑगस्ट, सकाळी ७.०५

तारा मागवायच्या आधी ब्रिजजवळ (तारा बॉडीवर जिथं टेकतात तिथं) तारांखाली स्पंज ठेवून पाहा भाऊ. आजच्या आज. अर्ध काम तिथंच होते.

---

मोहर_यवतमाळ | १८ ऑगस्ट, दुपारी १.२०

पळसफूल दादा बरोबर सांगत आहेत. मी पांढरकवड्याकडे शाळेत शिकवते, शनिवार-रविवारी एका ग्रुपमध्ये बास वाजवते. माझा मार्ग स्पंजवरूनच सुरू झाला.

कॅरल के या बाई मला या बाबतीत गुरुस्थानी आहेत. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत त्या गिटार वाजवायच्या. १९६३ मध्ये एका रेकॉर्डिंगला बासवाला आला नाही म्हणून त्यांनी बास हातात घेतला, अन् पुढं अमेरिकेतल्या कितीतरी हिट गाण्यांमागं त्यांचाच बास राहिला. त्या फ्लॅट तारा लावायच्या, बोटांऐवजी पिकनं (तार छेडायच्या छोट्या पत्तीनं) वाजवायच्या, आणि ब्रिजपाशी तारांच्या वर जाड फेल्टच्या पट्टीची घडी चिकटवायच्या. पिकमुळं ठोका स्पष्ट, फेल्टमुळं शेपूट गायब. तुम्ही ते ‘ढम’ म्हणता ना, त्यात ‘ढ’ पिकचा आणि ‘म’ तारेचा असं मी माझ्यापुरतं समजते.

स्पंजची कल्पना कोणाची मागाहून सुचलेली युक्ती नाही. जुन्या फेंडर बासवर ब्रिज झाकायला लोखंडी कव्हर यायचं, त्याच्या आत कंपनीच तारांवर टेकणारा मऊ तुकडा लावून द्यायची. लोकांना कव्हर हाताला अडचणीचं वाटलं, त्यांनी काढून टाकलं, अन् त्याबरोबर तो आवाजही गेला.

---

रॉक_अकोला | १८ ऑगस्ट, संध्याकाळी ६.४८

मी वेगळं मत मांडतो. पहिला एक तास जुना, मग पुढचे तीन तास काय? लावणी, कोळीगीत, आताची डान्सची गाणी, भीमगीतं. तिथं फ्लॅट दबून जाईल. बॅंजो-कीबोर्ड-ऑक्टोपॅडच्या गर्दीत बासला थोडी धार लागतेच. राउंड राहू दे, स्पंज लाव, टोनचा नॉब खाली घे, एक तास भागव. नाहीतर हाफ राउंड घे. ती आधी गोल गुंडाळतात अन् मग वरून घासून सपाट करतात, दोन्हीच्या मधली.

आणि साठचं दशक म्हणजे फक्त ढम नाही हे पण सांगतो. दशकाच्या शेवटी राउंडवाले बास भरपूर वाजत होते.

---

खर्जातला_सा | १८ ऑगस्ट, रात्री ९.१५

रॉक_अकोला, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत. पहिल्याशी नाही. हाफ राउंड मी दोन वर्षं वापरल्या. जुन्या गाण्याला पुरेशा जुन्या नाहीत, नव्याला पुरेशा नव्या नाहीत. अन् डान्सच्या गाण्यात बासची धार प्रेक्षकाला ऐकू येत नाही, पोटात बसणारा धक्का ऐकू येतो. तो फ्लॅटमध्ये जास्त आहे. मी भीमगीतांच्या कार्यक्रमात बारा वर्षं फ्लॅटवर वाजवतो आहे, कधी दबला नाही. ढोलकीबरोबर तर असा बसतो की दोन वाद्यं वेगळी काढता येत नाहीत.

आता कोणत्या, ते.

ज्याचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुढं जात नाही तो माणूस जेम्स जेमरसन. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बासवादक. मुळात डबल बेसवाला. १९६२ चा प्रिसिजन बास, त्याच्यावर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅट तारा, ५२ ते ११०. उजव्या हाताचं फक्त एक बोट, तर्जनी. ब्रिजच्या कव्हरखाली फोम. आणि सगळ्यात महत्त्वाचं: तार तुटल्याशिवाय तो बदलत नसे. वर्षानुवर्षं तीच तार, त्याच्याच बोटांच्या घामानं अन् तेलानं मुरलेली. लोक त्या आवाजासाठी जुनं लाकूड शोधतात, जुने पिकअप (तारेखालचे आवाज पकडणारे चुंबक) शोधतात. मला विचारशील तर त्यातला मोठा हिस्सा मेलेल्या तारेचा आहे.

ला बेला तो सेट अजून काढते, ५२-७३-९५-११०. पण तू तो घेऊ नको. का, ते सोल्डरवाला सांगतील, त्यांनी भोगलं आहे.

तुझ्यासाठी माझ्या नजरेत दोन. एक, डॅडारिओ कंपनीच्या क्रोम्स, ४५-६५-८०-१००. नव्या असताना फ्लॅटमध्ये सगळ्यात चमकदार ह्याच, महिना-दोन महिने दम धरावा लागतो, मग छान बसतात. दुसऱ्या व्हिएन्नाच्या थोमास्टिक कंपनीच्या, ४३-५६-७०-१००, ताण फार कमी, सूर मऊ, रेशमी. पण त्या फार महाग. जोरात वाजवायची सवय असेल तर त्या हाताखाली लोळतात. तुझं बजेट पाहता क्रोम्स.

---

वैनगंगाकाठ | १८ ऑगस्ट, रात्री ९.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. स्पंज लावून पाहिला. भांडी घासायचा नवा स्पंज कापला. फरक इतका पडला की बाजूच्या खोलीतून बाबा उठून आले.

पण एक प्रश्न मनातून जात नाही. जेमरसनचा आवाज त्या जाड तारांचा असेल तर पातळ फ्लॅट घेऊन मी अर्ध्यातच थांबेन का? एकदाच घ्यायचं आहे म्हणून विचारतो.

---

सोल्डरवाला | १९ ऑगस्ट, सकाळी ६.३०

मी सांगतो. मी भंडारा जिल्ह्यात रेडिओ, अ‍ॅम्प, गिटार दुरुस्तीची कामं करतो.

तारेचा ताण तिच्या वजनावर अवलंबून असतो. सूर तोच, स्केल तीच, तर तार जेवढी जड तेवढा ताण जास्त. अन् वजन जाडीच्या वर्गानं वाढतं. एकाच बनावटीच्या १०० अन् ११० मधला फरक दिसायला दहा टक्के, ताणात तो जवळपास एकवीस टक्के होतो. हे एका तारेचं झालं. चारही तारांचं मिळून नेकवर (बासच्या मानेवर) किती येतं ते पाहा.

जेमरसनचा नेक ते सहन करायचा. आपले स्वस्तातले बास करतीलच असं नाही. पाच वर्षांपूर्वी मी माझ्याच बासला ५२-११० चा सेट चढवला. आठ दिवसात नेक धनुष्यासारखा पुढं वाकला, बाराव्या फ्रेटवर तार इतकी उंच की बोट दुखायचं. ट्रस रॉड (नेकच्या आतली, वाक सावरणारी सळई) आधीच शेवटाला आलेला. तेव्हा मला हे काम येत नव्हतं, म्हणून एका कारागिराकडे नेला. त्यानं पाना लावून जोर केला अन् रॉडचा आटा गेला. नेक कायमचा गेला. त्या दिवसानंतर मी स्वतः शिकलो.

जाड तारांचा हट्टच असेल तर सगळा बास अर्धा सूर खाली लावायचा. ताण अकरा टक्क्यांच्या आसपास उतरतो. पण मग ऑर्केस्ट्रात उघडी तार वापरताना प्रत्येक गाण्याला डोकं चालवावं लागतं. नको ते.

अन् आपल्याकडचं हवामान विसरू नका. मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, लाकूड सुकतं. जुलै-ऑगस्टमध्ये तेच लाकूड पाणी पितं. वर्षातून दोनदा नेक हलतो म्हणजे हलतो. त्यात जादा ताणाची भर घालू नये. तारा आत्ता पावसात बदलणार असाल तर दिवाळीआधी पुन्हा एकदा नेक तपासा.

---

पळसफूल | १९ ऑगस्ट, सकाळी ८.१०

टेपवाउंड कोणी वापरल्या का? काळ्या नायलॉनच्या. डबल बेससारख्या वाजतात म्हणतात. त्यात ताण पण कमी.

---

मोहर_यवतमाळ | १९ ऑगस्ट, दुपारी ४.४०

मी वापरल्या, रोटोसाउंडच्या. धातूच्या तारेवर नायलॉनची फीत गुंडाळलेली असते. बोटाला फार सुखाच्या, आणि एकट्यानं वाजवलं तर डबल बेसच्या जवळ जातात हे खरं. पण जाडी बघा, ६५ ते ११५. ताण कमी असूनही जाडी जास्त, म्हणजे नटच्या (नेकच्या टोकाला तारा ज्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचा कानशीनं मोठ्या कराव्या लागतात. परत साध्या तारा लावायच्या झाल्या तर त्या खाचेत सैल बसून खडखडतात. आणि माझ्या अनुभवात त्यांचा ठोका स्टीलच्या फ्लॅटइतका टणक येत नाही, फुगीर येतो. मंडपात, मोकळ्या हवेत तो विरघळून जातो.

क्रोम्सची ई तार (जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी) १०० ची आहे, वैनगंगाकाठ यांच्या नटची खाच १०५ ची. काही न कापता बसेल. एकच सेट घ्यायचा असताना हा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो.

---

धापेवाडा_एक्स्प्रेस | १९ ऑगस्ट, रात्री ८.००

एक इशारा. नाव मोठं अन् किंमत निम्मी दिसली तर घेऊ नका. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून नामांकित कंपनीच्या फ्लॅट म्हणून घेतल्या. पाकिटावरची छपाई पुसट, तारेच्या टोकाचं रेशीम पहिल्याच दिवशी उसवलं. बाराव्या फ्रेटवर ई तार कशीच जुळेना, सॅडल (ब्रिजवरचा तार टेकायचा तुकडा) मागं नेऊन नेऊन स्क्रू संपला. तीन आठवड्यात गंज. विक्रेत्यानं फोन उचलला नाही. चांगल्या फ्लॅट राउंडच्या साधारण दुप्पट किमतीच्या असतात. पण राउंड सहा महिन्यात मरतात अन् फ्लॅट वर्षानुवर्षं चालतात, तेव्हा हिशेब तुमच्याच बाजूनं आहे. नागपूरला जाणं होत असेल तर दुकानात हातात घेऊन, नख फिरवून घ्या.

---

वैनगंगाकाठ | २ सप्टेंबर, रात्री ९.२०

नागपूरला जाऊन क्रोम्स घेतल्या, ४५-१००. तुमच्या म्हणण्याप्रमाणे दुकानातच पाकीट फोडून नख फिरवलं. अजून लावल्या नाहीत. लावताना काय जपायचं?

---

सोल्डरवाला | २ सप्टेंबर, रात्री १०.०५

चारही जुन्या तारा एकदम काढू नका, एक काढायची एक लावायची. नेकवरचा ताण अचानक जाऊ द्यायचा नाही.

बासच्या पाठीतून तार ओवायची सोय असली तरी फ्लॅट तिथून ओवू नका. तिथला काटकोन तिला सोसत नाही, चपटी पट्टी फाकते. ब्रिजच्या मागच्या भोकातूनच घ्या.

कापण्याआधी वाकवा. हे सगळ्यात महत्त्वाचं. तार खुंटीच्या पुढं चार-पाच बोटं जास्त सोडा, पक्कडनं काटकोनात वाकवा, मग वाकलेल्या जागेच्या पुढं कापा. सरळ तार कापली तर आतला गाभा अन् वरची गुंडाळी एकमेकांवरून घसरतात, तार तिथंच मेली समजा. खुंटीभोवती दोन-तीन वेढे, वरून खाली.

लावून झाल्यावर सुरात आणा अन् एक रात्र तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी ई तार पहिल्या फ्रेटवर दाबा, अन् नेक जिथं बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली फट पाहा. ०.३ मिलिमीटरच्या आसपास पाहिजे, म्हणजे पोस्टकार्डाची जाडी. जास्त असेल तर ट्रस रॉड पाव फेरा घट्ट, कमी असेल तर पाव फेरा सैल. पाव फेऱ्याच्या वर एका दिवसात जायचं नाही.

शेवटी बारावा फ्रेट. तिथं हलकं बोट ठेवून हार्मोनिक वाजवा, मग दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागं, उतरा आला तर पुढं.

---

वैनगंगाकाठ | ६ सप्टेंबर, रात्री ११.४०

खरं सांगतो, पहिल्या दिवशी मन खट्टू झालं. लावल्या, सुरात आणल्या, वाजवलं, तर चकचकीत आवाज! राउंडसारखा खर्रर्र नाही, पण टोकाला एक धातूची चमक. इतके पैसे गेले अन् काकांसमोर काय वाजवू असं झालं.

मग तुमचा सगळा धागा पुन्हा वरपासून वाचला. घरच्या फाटक्या गादीतला जुना पिवळा फोम काढला. भांड्याचा स्पंज लवकर चेपतो, दोन आठवड्यात बसला होता. गादीचा फोम चेपून परत उठतो. ब्रिजच्या सॅडलपुढं अंगठ्याएवढा रुंद तुकडा ब्लेडनं कापला. आधी उंच झाला, सूर नुसता ठक ठक, लाकूड ठोकल्यासारखा. मग थर थर कमी करत आणला. एका जागी आल्यावर ए तार छेडली तर सूर दीड-दोन मात्रा टिकून विझला. तिथं थांबलो.

टोनचा नॉब अर्ध्याच्या खाली. चमक बरीचशी गेली. पण काहीतरी अजून कमी वाटतं.

---

खर्जातला_सा | ७ सप्टेंबर, सकाळी ५.५५

जे कमी वाटतं ते हाताचं आहे, तारेचं नाही. पिकअपच्या वर छेडतोस ना? हात पुढं सरकव, नेक जिथं संपतो तिथं. तार तिथं जास्त झुलते, वरचे सूर कमी निघतात. ब्रिजकडे गेलास की परत धार येते. अन् अंगठ्यानं वाजवून पाहा. जुन्या फेंडर बासवर जी लाकडी पट्टी असायची ती खालच्या बाजूला, ‘जी’ तारेच्या पलीकडे. का? बोटं तिच्यात अडकवून अंगठ्यानं छेडता यावं म्हणून. बासवाले तसंच वाजवतील असं बनवणाऱ्यानं धरलं होतं.

तारा रोज वाजव. हात धुऊन बसू नको असं म्हणणार नाही, शेतातून आल्यावर धुवावेच लागतात. पण वाजवून झाल्यावर फडक्यानं चकचकीत पुसायची राउंडवाल्यांची सवय सोड. तारा उकळून नव्या करायचा प्रकार तर फ्लॅटला अजिबात नको. तुला त्या जुन्या करायच्या आहेत.

रेडिओचं एक सांगायचं राहिलं. उघडी ई तार ४१ हर्ट्झला वाजते. बाबांच्या रेडिओच्या एवढ्याशा स्पीकरमधून ४१ हर्ट्झ येतच नाही. तुझ्या कानाला ८२ अन् १२३ चे सूर ऐकू येतात अन् खालचा सूर मेंदू स्वतः भरतो. म्हणून साउंडवाल्याला बेस वाढव म्हणून सांगू नको. अगदी खालचं थोडं कापायला सांग, १०० च्या आसपास जरा उचलायला सांग, आणि वरची सगळी चमक काढायला सांग. मंडपात घोंगावणार नाही, ठोका कळेल.

---

रॉक_अकोला | ७ सप्टेंबर, दुपारी १२.३०

मी वर विरोध केला होता, तरी हे वाचून माझ्या दुसऱ्या बासवर फोम लावून पाहिला. राउंड ठेवूनच. हात नेककडे सरकवण्याचा सल्ला फार कामाचा आहे. माझं मत तेच आहे की एकाच बासवर सगळा कार्यक्रम करणाऱ्यानं राउंड सोडताना विचार करावा. पण जुन्या गाण्यांपुरतं तुमचं खरं.

---

वैनगंगाकाठ | १६ नोव्हेंबर, रात्री १२.५०

भाऊबीजेनंतर पहिली मंडई झाली, आताच घरी आलो. झोप येणार नाही म्हणून लिहितो.

अडीच महिने रोज वाजवलं. धान कापणीच्या दिवसात रात्री अर्धा तास तरी. चमक कधी गेली ते कळलं नाही. एक दिवस फक्त लक्षात आलं की आता नॉब पूर्ण उघडा असला तरी टोचत नाही. ई अन् ए तारेवर, पहिल्या पाच फ्रेटच्या वर, जिथं बोटं सतत असतात तिथं पट्टीचा रंग जरा काळवंडला आहे. तिथलेच सूर सगळ्यात छान वाजतात.

सोल्डरवाला दादांच्या सांगण्यावरून दिवाळीआधी नेक पाहिला. हवा कोरडी झाल्यावर फट कमी झाली होती, पाव फेरा सैल केला. त्याशिवाय आज तार खडखडली असती.

साउंडवाल्याला खालचं कापून १०० जवळ उचलायला सांगितलं. त्याला पटत नव्हतं, एका गाण्यापुरतं करून पाहा म्हटलं, मग त्यानं बदललं नाही. मैदानात दव पडत होतं, मागची माणसं घोंगड्या पांघरून उभी. पहिल्या गाण्याचं कडवं सुरू झालं, मी अंगठ्यानं वाजवत होतो. तबलजी दादांनी माझ्याकडं पाहिलं अन् आपला डग्गा थोडा हलका केला. ते आजवर कधी असं करत नव्हते, त्यांना तबल्याच्या खालच्या सुरात माझी टणटण आड येते म्हणून ते जोरात वाजवायचे.

काकांनी तासभर माझ्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही. कार्यक्रमानंतर चहा पिताना म्हणाले, “तिसऱ्या गाण्यात एक तार मांगं राहून राह्यली होती. बाकीच्या बरोबर जातात.”

घरी येऊन तपासलं. खरंच, डी तार बाकी तिघींपेक्षा जास्त वेळ टिकते. फोम सारखाच आहे. काय करू? परवा वडस्याकडे कार्यक्रम आहे.

---

सोल्डरवाला | १७ नोव्हेंबर, सकाळी ६.१५

डीचा सॅडल बाजूच्यांपेक्षा उंच असेल, म्हणून फोम तिला कमी टेकतो. फोम काढू नका. सायकलच्या ट्यूबचा नखाएवढा तुकडा कापून डीच्या बरोबर खाली, फोमच्या तळाशी सरकवा. तेवढा भाग वर येईल. ‘जी’ तारेला धक्का लागू देऊ नका, ती पातळ आहे, तिचा सूर लगेच चढतो. लावून झाल्यावर डी पुन्हा सुरात घ्या.